सूप तळ्याचं, पाटी विहिरीची

(सन १९४६, वैशाख. कर्जत तालुक्यात कडावच्या अलीकडचं एक गाव. शाळेला सुट्टी आहे. पडवीत आबाजी गुरुजी बसले आहेत. समोर भागूबाई, गावात नारू (पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा) काढणारी म्हातारी, सूप काखेत धरून उभी आहे. सुपावर फडकं झाकलेलं आहे.)

भागूबाई: बसत नाय मी. उभ्यानंच बोलंन. सुनंला, जयवंताला, तळ्याच्या पायरीवर बसवून आलेय, पाय गार करायला. मला सवड नाय.

गुरुजी: सुनेचा पाय कसा आहे आता?

भागूबाई: आता इचारता? काल देवळापुढं कागद वाचलात, त्यात तिला बी मोजलीत ना? त्या शेकडा चाळिसात कितवी ती?

गुरुजी: भागूबाई, मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं.

भागूबाई: नाव नाय घेतलंत म्हणूनच समद्यांना लागलं. खालची आळी, शेकडा चाळीस. वरची आळी, शेकडा तीन. लोकांनी येवडंच धरलं बगा. कोंडाजी पाटील उठला नि बोलला, नारू खालच्या आळीत हाय, म्हंजे देवीचा कोप बी खालच्याच आळीवर हाय. औंदा जत्रेत पालखीला त्यांचा खांदा नको. नि तुमी कागद हातात घेऊन बगत ऱ्हायलात.

गुरुजी: मी दोनदा बोलायला गेलो. त्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

भागूबाई: वर्गात साठ पोरं गप बसवता. तितं तोंड उघडंना व्हय?

गुरुजी: खरं आहे तुमचं.

भागूबाई: खरं हाय म्हणून हसू नका. पालखीचा पुढचा दांडा आमच्या आळीचा. घराघराची पाळी असते. चौदा वर्सांनी माझ्या घरची आली व्हती. मागल्या पाळीला माझा नवरा चांगो बसून ऱ्हायला, नारूनं गुडघा वाकत नव्हता म्हणून. पालखी दारावरनं गेली नि त्यानं नुसता हात जोडला. मरेपातूर तेच बोलायचा, लेकाच्या, सहदेवच्या वेळंला बगू. आता सहदेव उभा ऱ्हाणार व्हता, तर तुमच्या कागदानं त्याला खाली बसवला.

गुरुजी: हसलो नाही मी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही बसा तर खरं.

भागूबाई: मला येक सांगा. माज्या घरी आलात. गुळाचा चहा प्यालात. घरात माणसं किती, इचारलंत. नारू किती जणांना, इचारलंत. गावातला नारू काढतं कोण, ते का नाय इचारलंत?

गुरुजी: जिल्ह्याच्या डॉक्टरसाहेबांनी कागद आखून दिला होता. वस्तीचं नाव, माणसं, आजारी, शेकडा प्रमाण. तेवढेच रकाने होते.

भागूबाई: म्हंजे मला रकाना नव्हता.

गुरुजी: नव्हता.

भागूबाई: वीस वर्सं गावाचे पाय मांडीवर घेते मी. दोऱ्यासारखा किडा, रोज काडीवर येकच वेढा द्यायचा, जास्ती ओढला तर तुटतो नि पाय सडतो. पंधरा-पंधरा दिवस येका पायाला. नि मला रकाना नाय.

गुरुजी: सुपात काय आणलंय?

भागूबाई: मोजा. तुमाला मोजायची लय हौस. हे औंदाचे नारू. काड्या टाकत नाय मी. सासू सांगायची, उकिरड्यावर टाकली तर पुन्ना कुणाच्या तरी पायाला लागते. वळचणीला खोचून ठेवते. ज्याची काडी त्याच्या कपड्याचा दोरा बांधते, मंजे काड्यांची अदलाबदल होत नाय.

गुरुजी: थांबा. पाच, दहा... पंचवीस... चाळीस... पन्नास. पन्नास आहेत.

भागूबाई: जयवंताची धरली तर येकावन्न. तिची अजून पायालाच हाय.

गुरुजी: पण मला तर चाळीसच माणसं मिळाली. खालच्या आळीत सदतीस, वरच्या आळीत तीन.

भागूबाई: खालच्या आळीच्या छत्तीस काड्या नि जयवंता. तुमचं बरोबर हाय. आमी दडवत नाय, दारातच पाय पसरून बसतो. ह्या बाकीच्या चौदा वरच्या आळीच्या.

गुरुजी: चौदा? तिथं मी घरोघर गेलो होतो, भागूबाई. तिघं म्हणाले हो, बाकी सगळी घरं नाही म्हणाली.

भागूबाई: तुमी पुढच्या दारानं गेलात. मला परसदारी बोलावतात. पायावर फडकं घालून बसतात नि म्हणतात, भागूबाय, काटा लागलाय, कुणाला सांगू नको. देवीची आन घालतात.

गुरुजी: अठरा दिवस फिरलो मी. ह्या काड्या कुठं होत्या?

भागूबाई: माज्या वळचणीला. चहा प्यालात ना, तितंच, डोक्यावर.

गुरुजी: वर मी बघितलंच नाही.

भागूबाई: नि दुसरं इचारू? शाळंत पोरांना बेरीज कशी शिकवता?

गुरुजी: चिंचोक्यांनी.

भागूबाई: भागाकार?

गुरुजी: चिंचोके वाटून. ज्याच्या वाट्याला कमी येतो तो रडतो, तिथून बाकी समजावतो.

भागूबाई: माजा सहदेव तुमच्याकडंच शिकला. सांगतो, गुरुजींनी नदी शिकवली तवा पडवीत पाणी ओतलं व्हतं. मंग पोरांना पाणी ओतून दाखवता नि आमाला शेकडा वाचून? आमी काय पोरांपेक्षा हुशार दिसलो तुमाला?

गुरुजी: मोठ्या माणसांपुढं चिंचोके मांडायची लाज वाटली. वाटलं, हसतील. डॉक्टरसाहेबांचा कागद आहे, तो रुबाबात वाचावा. पाण्याचं सगळ्यात महत्त्वाचं होतं, ते शेवटच्या पानावर ठेवलं.

भागूबाई: दुसऱ्या पानावरच मानसं उठली.

गुरुजी: पोरांपुढं असली चूक मी कधी केली नसती.

पाटील: गुरुजी, आहात का? कागदाची येक नक्कल पाहिजे. पालखीच्या ठरावाला जोडून तालुक्याला धाडतो. खाली तुमची सही लागंल.

भागूबाई: आला बगा ठराववाला.

पाटील: भागूबाय, तू हितं? बरं झालं. सहदेवला सांग, राग धरू नको. माझा इलाज नाय. आकडे गुरुजींचे हायेत, माझे नायत.

भागूबाई: आकडे गुरुजींचे, नि देवीचा कोप कुणी मोजला?

पाटील: तोंड सांभाळ.

गुरुजी: पाटील, सही करतो. आधी घटकाभर बसा. माझ्याकडून एक हिशेब राहिलाय, तो तुमच्या हातून करून घ्यायचाय.

पाटील: माज्या हातून? मी काय इद्यार्थी हाय का?

गुरुजी: होतात की. त्या कोपऱ्यात बसायचात. पाढे येत नव्हते, पण भाताच्या पेंढ्या कुणाही आधी मोजायचात.

पाटील: ते सोडा. काय करायचं?

गुरुजी: हे सूप. ह्यात पन्नास काड्या आहेत, गावातले औंदाचे नारू. भागूबाई, कोणती काडी कुठल्या आळीची तेवढंच सांगा, नाव नको. पाटील, तुम्ही दोन ढीग घाला.

पाटील: खालची... खालची... ही बी खालची? ही वरची? वरच्या आळीत तिघंच हायेत.

भागूबाई: तिघं सांगणारे. ठेव तू.

पाटील: नावं सांग मला ह्यांची.

भागूबाई: नाय सांगणार. आन घातली हाय.

पाटील: मी पाटील हाय गावचा.

भागूबाई: नि ती देवी हाय. ठेव ढिगात.

गुरुजी: किती झाल्या?

पाटील: छत्तीस नि चौदा. मंग काय फरक पडला? खालच्याच जास्ती. ठराव तोच ऱ्हातो.

गुरुजी: राहतो. कारण आपण चुकीचं विचारलं. मी चुकीचं विचारलं, कागदानंही चुकीचं विचारलं. आता ढीग मोडा. हे सूप म्हणजे देवीचं तळं. ही माझी पाटी म्हणजे वरच्या आळीची रहाटाची विहीर. आळी विसरा. ज्यानं तळ्याचं पाणी प्यायलं त्याची काडी सुपात, ज्यानं विहिरीचं प्यायलं त्याची पाटीवर. पण आजचं पाणी नाही. गेल्या वर्षीच्या चैत्रातलं.

पाटील: गेल्या चैत्रातलं कशाला?

गुरुजी: नारू पोटात जातो तो एका वर्षी, पायातून निघतो दुसऱ्या वर्षी. भाताचं बी टाकून कुणी त्याच आठवड्यात कापायला जात नाही ना? डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं, नि मी ते शेवटच्या पानावर लिहिलं.

पाटील: बरं. खालची आळी बारा महिने तळ्याचंच पिते. ह्या छत्तीस सुपात.

गुरुजी: खालच्या आळीतला हिरू?

पाटील: तो भिवपुरीला असतो, वीजघराच्या चाळीत. नळाचं पाणी.

भागूबाई: त्याची काडी नाय. त्याच्या सख्ख्या भावाच्या दोन झाल्या मागच्या साली.

गुरुजी: नि धाकलू?

भागूबाई: माथेरानला रिक्षा ओढतो. दिवाळीला जातो, मिरगाला येतो. त्याची बी नाय. येकच चूल, येकच देवी. कोप व्हता तर ह्यांना कसा सोडला?

पाटील: ते दूर असतात, देवीच्या नजरंपल्याड.

भागूबाई: मंग तुजी देवी लय आखूड नजरंची.

गुरुजी: थांबा दोघं. पाटील, वरच्या आळीच्या चौदा राहिल्या.

पाटील: त्या पाटीवर. वरची आळी विहिरीचं पिते. माजा आजा ती विहीर बांधून गेला.

गुरुजी: ठेवा. ठेवल्यात? आता मला आठवून सांगा, गेल्या चैत्रात विहिरीवर काय चाललं होतं?

पाटील: गाळ काढला. मीच काढवला.

गुरुजी: किती दिवस?

पाटील: आठ. नऊ धरा.

गुरुजी: ते नऊ दिवस वरच्या आळीत पाणी कुठून यायचं?

भागूबाई: बोल की. माज्या दारावरनं तुमच्या बायकांची रांग जायची, डोक्यावर हंडे. मी जयवंताला बोलले बी, बग, वरच्या आळीला आज तळं आठवलं.

पाटील: तळ्यावरनं.

गुरुजी: मग काड्या कुठं जातील?

पाटील: येका नऊ दिवसांवरनं...

भागूबाई: त्याआदी वीस वर्सांत वरच्या आळीच्या परसदारी मी कधी पाय ठेवला नव्हता. औंदा चौदा वेळा ठेवला. तू ठरव.

गुरुजी: एकेक उचला, पाटील. घाई नाही.

पाटील: दोन... चार... सात... दहा... बारा. तेरा.

गुरुजी: एक हातात राहिली.

पाटील: हिला तांबड्या काठाचा दोरा हाय. धोतराचा.

भागूबाई: असंल. मी कुणाचं नाव घेतलेलं नाय.

पाटील: नाय घेतलंस.

गुरुजी: पाटीवर किती उरल्या?

पाटील: काय नाय उरलं. पाटी मोकळी.

गुरुजी: हे मला काल सांगायचं होतं. कागद वाचून सांगता आलं नाही, ते तुम्ही स्वतःच्या हातानं केलंत. कोप आळीवर नाही. पाण्यात आहे, आणि त्या पाण्यावर उपाय आहे. तळ्याच्या पायऱ्या बांधून बंद करायच्या, काठावर कट्टा घालायचा, दोरानं पाणी काढायचं. पाण्यात कुणाचा पाय जाता कामा नये. आणि पिताना दुहेरी फडक्यातनं गाळून प्यायचं.

पाटील: जत्रेला आठ दिवस हायेत. पाण्यात पाय धुतल्याबिगर देवळाची पायरी चढत नाय कुणी.

भागूबाई: पाय धुवा म्हणलंय देवीनं, बुडवा कुठं म्हणलंय? तांब्यानं पाणी घ्या नि बाहेर धुवा.

पाटील: येक मला नाय समजत, गुरुजी. पाण्यातनं पायात जातो ते मानलं. पण पाण्यात तो आला कुठनं? आभाळातनं पडला?

गुरुजी: ते राहू द्या आज.

पाटील: का?

गुरुजी: एका दिवसात सगळं शिकवू नये.

भागूबाई: गुरुजी, तुमचं तोंड बगितलं मी. तुमाला ठावं हाय. सांगा.

गुरुजी: भागूबाई, खरंच राहू द्या.

भागूबाई: सांगा म्हणते.

गुरुजी: दुखऱ्या पायातून. नारूचं तोंड फुटलेला पाय पाण्यात गेला की तो तिथं आपलं बी सोडतो. डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक. ते पाणी जो पितो, त्याच्या पायातून पुढच्या वर्षी निघतो.

भागूबाई: ठणका लागला की गार पाण्यात पाय सोडून बस, असं मीच सांगते. ठणका थांबतो. नारू बी सैल होऊन पुढं येतो, काडीवर घ्यायला बरा पडतो. सासूनं शिकवलं. वीस वर्सं प्रत्येकाला सांगते, जा, तळ्याच्या पायरीवर बस.

गुरुजी: तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुमच्या सासूलाही नव्हतं.

भागूबाई: तुमाला व्हतं. मंग काल कागदात का नाय लिवलंत?

गुरुजी: लिहिलं होतं. मागच्या आठवड्यात खोडलं. ते वाचलं असतं तर सगळं गाव तुमच्यावर उलटलं असतं. हिनंच नारू आणला म्हणाले असते.

भागूबाई: म्हणून खोडलंत?

गुरुजी: हो.

भागूबाई: माज्यावर दया केलीत. नि मागच्या आठवड्यापासनं आजपातूर मी किती पाय त्या पाण्यात सोडले, ते मोजलंत?

गुरुजी: नाही.

भागूबाई: सात. आदी माझ्या घरात येऊन मलाच सांगायचं व्हतं ते. चहा पिताना. मला राग आला असता, मी भांडले असते, तुमाला हाकलून बी दिलं असतं. पण सात पाय कोरडे ऱ्हायले असते. पाटलानं आमची आळी काढली त्याचा मला राग हाय. पण तुमचा जास्ती हाय, गुरुजी. त्यानं मला पापी धरली. तुमी मला पोर धरलीत.

गुरुजी: पोरापासूनही मी असं लपवलं नसतं. चुकलो मी.

पाटील: भागूबाय, झालं ते झालं. हे हितंच ठेवू. गावाला फक्त तळं नि विहीर सांगू.

भागूबाई: नाय. उद्या देवळापुढं समदी मानसं बोलव. सूप नि पाटी ठेवू. ज्याची काडी त्यानं स्वतः वळखायची, दोऱ्यावरनं, नि आपल्या हातानं टाकायची. गुरुजींनी वाचायचं नाय. फक्त गेल्या चैत्रात कुठलं पाणी प्यालास, येवडंच इचारायचं. समद्या पडल्यावर मी उठंन नि सांगंन, ते पाणी कुणी नासवलं.

पाटील: लोक सोडायची नायत तुला.

भागूबाई: नसू देत. पहिली काडी मीच टाकंन. चांगोची. ती औंदाची नाय, वीस वर्सांची हाय, पण पहिली तीच. नारू अर्ध्यात तुटला व्हता, आखूड हाय. त्याचा पाय बी मीच बुडवून बसवला व्हता. मला वाटलं, सेवा करते.

गुरुजी: उद्या वरच्या आळीतला कुणी पुढं आला नाही तर?

भागूबाई: तर चौदा काड्या सुपाबाहेर पडून ऱ्हातील, नि त्या पडलेल्या समदे बगतील. मी नाव घेणार नाय. कुणाचंच.

पाटील: ठाऊक हाय. म्हणून तर मला घ्यायला लागंल. दुसरी काडी माझी. तांबड्या काठाची. ठेव ती नीट.

गुरुजी: आणि ठराव?

पाटील: फाडतो. सहदेवला सांग, भागूबाय, दांडा त्याचाच.

भागूबाई: ते आज नको. उद्या काड्या पडल्यावर समद्यांदेखत सांग, तवा घीन. सूप ऱ्हाऊ द्या हितंच. मी निघते.

गुरुजी: उद्याचं कसं कसं करायचं, ते तरी ठरवून जा.

भागूबाई: उद्याचं उद्या. जयवंता अजून पायरीवर बसली आसंल, पाय पाण्यात सोडून. आदी तिला वर काढते.